अकरा वाजता येणारी पिवळी गाडी

मी स्पार्क बोलतेय. आमच्या भाषेत स्पार्क म्हणजे लाथ. नावाबद्दल माझी तक्रार नाही, कारण लाथ मला कुणी मारत नाही, बर्फाला मारतात. पुढे एक खुर्ची, तिच्या पाठीवर धरायला आडवी दांडी आणि खाली मागपर्यंत गेलेल्या दोन लांब लोखंडी पट्ट्या, एवढंच माझं शरीर. एक पाय पट्टीवर ठेवायचा, दुसऱ्यानं बर्फाला लाथ हाणायची, की मी सुळकन पुढे सरकते. खुर्चीवर कधी बटाट्याची पिशवी बसते, कधी कुणाचं नातवंड, कधी दमलेली म्हातारी. त्यातल्या त्यात पिशवी बरी, ती बडबड करत नाही.

नॉर्वेच्या पार उत्तरेला, स्कार्वनेस गावात माझा जन्म झाला. एडविन होड्या बांधायचा. चौसष्ट साली त्याचं सिग्नेशी लग्न ठरलं, तेव्हा त्यानं उरल्यासुरल्या लाकडातून मला घडवलं आणि होडीच्या केबिनला लावून उरलेला पिवळा रंग मला फासला. गावातल्या बाकी सगळ्या स्पार्क साध्या लाकडी रंगाच्या, पिवळी मी एकटीच. सिग्नेनं मला चारी बाजूंनी बघितलं आणि ती म्हणाली, "वाईट नाही." आमच्या गावात याच्यावरचं कौतुक अजून निघालेलं नाही. एडविन आठ दिवस हवेत होता.

तेव्हापासून साठ हिवाळे मी सिग्नेचे पाय होते. लग्न होऊन आली तेव्हा ती माझ्यावरून उतारावर अशी सुटायची की पाद्रीबाबा बाजूला व्हायचे. पुढे एक मुलगा झाला, तो खुर्चीवर बसून शाळेत गेला, मोठा झाला आणि दक्षिणेला निघून गेला. आता तो फोनमध्ये राहतो. सिग्नेचे गुडघे गेले, माझा रंग दोनदा निघाला, दोन्ही वेळा एडविननं तोच पिवळा परत लावला.

मग एडविनच विस्कटायला लागला. आधी हातोडी कुठं ठेवली ते विसरला, मग होड्या विसरला, आणि गेल्या ऑक्टोबरात एका सकाळी त्यानं सिग्नेला अदबीनं विचारलं, की बाई, तुम्ही कुणाकडे आलात. त्याला वृद्धाश्रमात ठेवावं लागलं. सिग्ने रोज जायची. तो तिच्याशी नीट बोलायचा, पण परक्या बाईशी बोलावं तसं.

नोव्हेंबरात बर्फ पडला आणि सिग्ने मला घेऊन निघाली. आश्रमाच्या वळणावर आम्ही पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. सूर्य तेव्हा आमच्याकडून गेलेला असतो, अकराला आकाश नुसतं निळं असतं, पण खिडकीसमोर रस्त्यावरचा दिवा आहे. त्या दिव्याखाली एडविनला पिवळी खुर्ची दिसली. त्यानं खिडकीतून हात हलवला आणि सिग्ने आत गेल्यावर म्हणाला, "आलीस, सिग्ने?" चेहरा गेला होता, पिवळा रंग राहिला होता. त्या दिवशी त्यानं तिच्या हातची लेफ्सं, म्हणजे आमच्या गोड पोळ्या, तीन खाल्ल्या. एरवी तो आश्रमाच्या जेवणाला तोंड लावत नसे.

तेव्हापासून ठरूनच गेलं. अकराला मी वळणावर दिसायचं, त्यानं हात करायचा, सिग्नेनं आत जाऊन त्याला भरवायचं. मी बाहेर खिडकीखाली उभी. आमच्याकडे भर थंडीतही खिडकी बोटभर उघडी ठेवतात, त्यामुळे आतलं सगळं मला ऐकू यायचं. म्हाताऱ्यांच्या गप्पा काही फार नव्हत्या. पण तो तिला नावानं हाक मारायचा, आणि सिग्ने घरी परतताना गुणगुणायची.

जानेवारीच्या चार तारखेला बेनेदिता आमच्या गावात उतरली. मदेरा बेटावरची मुलगी, वय तेवीस. तिकडे म्हणे जानेवारीतही लोक अंगणात जेवतात. आमच्या गावाच्या वरच्या टोकाला ध्रुवीय प्रकाशाचा अभ्यास करणारी एक छोटी संस्था आहे, तिथं ती शिकायला आली होती. ती आली आणि आकाशावर ढगांची गोधडी पडली ती हलेचना. ज्या प्रकाशासाठी एवढ्या लांब आली तो तिला कॉम्प्युटरच्या पडद्यावर बघावा लागला, आणि पडदा तिच्या घरीही होता.

पहिल्याच दिवशी वसतिगृहापर्यंत जाताना ती तीनदा आपटली. तिसऱ्यांदा पडली ती बसथांब्यासमोर. तिथं चार माणसं उभी होती, एकमेकांपासून दोन दोन हात अंतर ठेवून. चौघांनीही चटकन मान दुसरीकडे वळवली. पडलेल्या माणसाकडे बघितलं तर त्याला ओशाळं वाटतं, हे आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. बेनेदिताला मात्र वाटलं, ही माणसं आहेत की खांब.

वसतिगृहात एक जर्मन मुलगा होता. त्याला इथं येऊन पाच महिने झाले होते, त्यामुळे त्याला सगळं माहीत होतं. तो म्हणाला, या गावात कुणी काही कुलपात ठेवत नाही. दुकानाबाहेर त्या ढकलायच्या गाड्या असतात ना, त्या सगळ्यांच्या. न्यायची, चालवायची, काम झालं की कुठंही सोडायची. त्यानं स्वतः कधी नेली नव्हती, पण माहिती द्यायला अनुभव कशाला लागतो?

दुसऱ्या दिवशी सकाळी सिग्ने दूध आणि बटाटे घ्यायला दुकानात शिरली. मी भिंतीला टेकून उभी होते, शेजारी चार लाकडी बहिणी. बेनेदिता आली. तिच्या शहरात भाड्याच्या सायकली पिवळ्या असतात, असं तिनं नंतर आईला फोनवर सांगितलेलं मी ऐकलं. रंगीत ती सार्वजनिक, असा तिनं हिशेब केला आणि सरळ माझ्या दांडीला हात घातला. मी साठ वर्षांची बाई, ओरडावं म्हटलं तर तोंड नाही. गेले तिच्याबरोबर.

सिग्ने बाहेर आली आणि तिला चारच गाड्या दिसल्या. हे दुसऱ्या कुठल्या मुलखात झालं असतं तर भर रस्त्यात शंख झाला असता. सिग्ने दहा मिनिटं थंडीत उभी राहिली. कुणीतरी चुकून नेली असेल, आणून ठेवील, असं म्हणाली ती स्वतःशीच, आणि भिंतीला धरून धरून घरी गेली. दूध गोठलं.

हे मला कसं कळलं म्हणाल, तर बेनेदिता रोज दुपारी मला त्याच दुकानासमोर उभी करत होती. गावातली माणसं एकमेकांशी बोलत नाहीत असं तिला वाटायचं. बोलतात की. दुकानाच्या दाराशी, माझ्या दांडीला टेकून, ज्याच्याबद्दल बोलायचं तो नसताना भरपूर बोलतात.

संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं होतं की सिग्नेची पिवळी स्पार्क संस्थेतल्या नव्या पोरीकडे आहे. पण त्या पोरीला सांगायचं कुणी? गल्ल्यावर बसणारी तुरीद म्हणाली, बिचारी एवढ्या लांबून आली, पहिल्याच आठवड्यात तिला चोर ठरवायचं का? सिग्नेचा शेजारी हाल्वर म्हणाला, आणि सिग्नेलाही आपल्याला माहीत आहे असं दाखवायचं नाही, तिला उगाच अवघडल्यासारखं होईल. सगळ्यांनी मान हलवली. अडचण कुणालाच झाली नाही, फक्त सिग्ने पायी जात होती.

हाल्वर मासेमारीतून निवृत्त झालेला, मनानं लोण्यासारखा आणि तोंडानं कुलपासारखा. एका सकाळी त्यानं आपली स्वतःची स्पार्क सिग्नेच्या पायरीशी नेऊन ठेवली. चिठ्ठी ठेवली नाही, चिठ्ठी म्हणजे उपकार दाखवणं. सिग्नेनं दार उघडलं आणि पायरीशी परकी गाडी बघितली. दुसऱ्याची वस्तू. ती वापरायची नाही. तिनं ती नीट बाजूला लावली, बर्फ झाडला आणि दुकानातल्या फळ्यावर कागद लावला: एक स्पार्क सापडली आहे, मालकानं घेऊन जावी. हाल्वरनं तो कागद माझ्यासमोर उभं राहून दोनदा वाचला. आता मालक म्हणून गेला असता तर ठेवली कुणी ते उघड झालं असतं. तेव्हा तोही पायी हिंडायला लागला. एक गाडी सिग्नेच्या दारात रिकामी, आणि दोन म्हातारी माणसं त्याच रस्त्यानं घसरत चाललेली.

सिग्नेनं बुटांना खिळ्यांचे पट्टे लावले आणि ती पावणेअकराऐवजी दहाला निघू लागली. बारा मिनिटांच्या रस्त्याला तिला पाऊण तास लागायचा. ते चाललं असतं. पण खरी गोष्ट वेगळीच होती. आश्रमातली एक परिचारिका दुकानात आली की तुरीदला सगळं सांगायची. नाव घ्यायची नाही, ते नियमात बसत नाही. दोन हजारांच्या गावात नावाची गरजही नव्हती.

ती म्हणाली, एक आजोबा आहेत. त्यांच्याकडे रोज एक बाई येते. आजोबा तिला म्हणतात, ती खुर्ची जरा सोडता का, माझी बायको अकराला येते. ती बाई उठते आणि पलंगाच्या कडेला बसते. पोळ्यांचा डबा उघडते, तर ते म्हणतात, नको, बायको आल्यावर खाईन.

आणि पुढचं मला परिचारिकेनं सांगायची गरज नव्हती, ते माझ्या डोळ्यांदेखत चाललं होतं. बेनेदिताचा वर्ग सव्वा अकराला असायचा. संस्थेची वाट आश्रमाच्या वळणावरून जाते. पाच तारखेला अकरा वाजता मी त्या दिव्याखाली आले आणि खिडकीत एडविननं हात वर केला.

बेनेदिता थांबली. तिनं मागे वळून बघितलं, दुसरं कुणी नव्हतं. मग तिनंही हात केला, आधी चाचरत आणि मग चांगला खांद्यापासून. आमच्या गावात आल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी तिच्याकडे बघून हसलं होतं. ती मला ढकलत पुढे गेली आणि त्या दिवशी एकदाही पडली नाही.

रोज तेच व्हायला लागलं. अकराला तो हात करायचा, ती हात करायची आणि पुढे निघून जायची. आत पलंगाच्या कडेला त्याची बायको बसलेली, आणि तो तिला सांगतोय, ही बघा, आली माझी बायको. त्या वेळी मला पट्ट्या उलट्या लावून मागे फिरता आलं असतं तर मी फिरले असते. पण मला ढकलणाऱ्याच्या मर्जीनं चालावं लागतं, आणि ढकलणारी खुशीत होती.

तीही खुशीत फक्त तेवढंच एक मिनिट असायची. वसतिगृहाच्या भिंती पातळ म्हणून ती आईला फोन करायला बाहेर येऊन माझ्या खुर्चीवर बसायची. आईला म्हणायची, "आई, हे लोक माझ्याकडे बघतच नाहीत. आणि बघितलं तर आधी गाडीकडे बघतात, मग माझ्याकडे, मग स्वतःच्या बुटांकडे. मी काही चोरलंय असं बघतात." इतका अचूक अंदाज पूर्ण संस्थेत कुणाचा आला नसेल. आईनं विचारलं, एकही माणूस नाही का बोलायला? ती म्हणाली, "एक आजोबा आहेत. बोलत नाहीत, पण रोज खिडकीत उभे असतात माझ्यासाठी. ते नसते तर मी कधीच परत आले असते." पण महिन्याअखेरीला परत यायचं तिनं तरीही ठरवलं होतं. गाडी विमानतळावर सोडून देईन, तसं चालतं इथं, असंही तिनं सांगितलं. ते ऐकून माझं लोखंड गार पडलं, आणि ते मुळातच उणे बारावर होतं.

सिग्नेनं एकदाही तोंड उघडलं नाही. तुरीदनं एकदा धीर करून म्हटलं, की सिग्ने, तुझी गाडी कुठं दिसत नाही हल्ली. सिग्ने म्हणाली, "आहे कुठंतरी. त्या मुलीला वर चढ आहे, मला काय, सपाट रस्ता." म्हणजे तिलाही ठाऊक होतं. बटाटे घेतले आणि गेली. तुरीदनं तिच्या पाठीकडे बघितलं आणि उरलेली सुट्टी नाणी गल्ल्यात भलत्याच खणात टाकली.

एडविन वाळत चालला होता. मला ते रस्त्यावरूनही दिसत होतं, हात करताना त्याच्या स्वेटरची बाही खाली घसरून कोपरापर्यंत जायची. परिचारिका म्हणाली, आजोबांचं वजन उतरतंय, डॉक्टर म्हणतात असंच राहिलं तर नळीनं द्यावं लागेल. जानेवारीच्या सव्वीस तारखेला त्यानं सिग्नेला विचारलं, "तुम्ही रोज इथं असता. तुम्हाला काही माहीत आहे का? ती हात करते पण आत येत नाही. मी तिला काय केलं?" सत्तावीस तारखेला सिग्नेनं पलंगाच्या कडेला बसायच्या ऐवजी कोट पुन्हा अंगात घातला.

बेनेदिता आणि मी वळणावर यायच्या थोडं आधी ती रस्त्यात उभी दिसली. कोटाची वरची गुंडी लावायची राहिली होती. बेनेदिता थबकली, तिला वाटलं आता ही बोलणार, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कुणी बोलणार ते रागावण्यासाठीच. सिग्नेचं इंग्रजी शाळेतलं, साठ वर्षांपूर्वीचं. वाक्य तिनं पाठ करून आणलं होतं हे मला तिच्या मानेवरून कळलं.

"ही मला दहा मिनिटं उसनी देशील का?" ती म्हणाली.

"घ्या ना," बेनेदिता म्हणाली. "सगळ्यांचीच आहे."

"हो. दहाच मिनिटं. आणून देते."

सिग्नेनं दांडी धरली. उजव्या टोकाला लाकूड झिजून तिच्या अंगठ्यापुरता खळगा पडलाय. अंगठा न शोधता तिथं गेला. बेनेदिता बघत होती. सिग्नेनं पाय पट्टीवर ठेवला आणि दुसऱ्यानं लाथ हाणली, गुडघा दुखत असूनही चांगली जोरात, आणि आम्ही दिव्याखालून गेलो.

एडविननं हात वर केला. सिग्नेनं मला खिडकीखाली लावलं आणि ती आत गेली. खिडकी बोटभर उघडी होतीच. मला त्याचं उठणं ऐकू आलं, मग खुर्ची सरकवल्याचा आवाज.

"उशीर केलास, सिग्ने."

"रस्त्यात गर्दी होती," ती म्हणाली.

आमच्या रस्त्यात गर्दी शेवटची कधी झाली होती कोण जाणे. पण त्याला पटलं. डब्याचं झाकण उघडलं, आणि मग बराच वेळ फक्त खाण्याचा आवाज होता. मला गाडीला रडू येत असतं तर तिथंच गोठून माझं वजन वाढलं असतं.

दहा मिनिटांनी बेनेदिता चालत खिडकीपाशी आली. तिनं आत बघितलं. आजोबा एका म्हातारीच्या हातून पोळी खात होते. त्यांनी मान वळवून काचेतून तिच्याकडे बघितलं, एखादी अनोळखी मुलगी दिसावी तसं, आणि परत पोळीकडे वळले. त्यांनी हात केला नाही. बेनेदितानं माझ्याकडे बघितलं, पिवळ्या खुर्चीकडे. मग ती तिथंच बर्फात बसली, पडलेली नसताना.

सिग्ने बाहेर आली ती मला घेऊन सरळ तिच्याकडे. "ही घे. आभार." शब्द म्हणजे शब्द, दहा मिनिटं म्हणजे दहा मिनिटं. स्वतःची गाडी ती परत द्यायला आली होती.

"ही तुमची आहे ना?" बेनेदितानं विचारलं.

"मी तसं काही म्हटलेलं नाही."

"तेच विचारतेय. का नाही म्हटलंत? तीन आठवडे झाले."

"तुला वाईट वाटलं असतं."

"आणि आता वाटत नाहीये का? फार वाटतंय."

"म्हणून तर सांगितलं नव्हतं," सिग्ने म्हणाली.

बेनेदिता हसायला लागली आणि हसता हसता रडली. सिग्ने अवघडून बाजूला उभी राहिली आणि तिनं मान दुसरीकडे वळवली. मग मुलीनं डोळे पुसून विचारलं, की ते हात मला करत नव्हते ना. सिग्नेला खोटं बोलायची सवय नाही. ती म्हणाली, "नाही." मग म्हणाली, "पण तू करत होतीस म्हणून तो रोज खिडकीशी उठून उभा राहिला."

दुसऱ्या दिवशी मी परत सिग्नेबरोबर, माझ्या जागी, खिडकीखाली होते. सिग्ने आत भरवत होती. सव्वा अकराला थोडा वेळ असताना बेनेदिता रस्त्यानं पायी आली, दोन्ही हात पसरून तोल सांभाळत. एडविननं तिच्याकडे बघितलंही नाही, आणि तो बघणार नाही हे तिला माहीत होतं. तरी तिनं खिडकीकडे हात केला. सिग्नेनं आयुष्यात कधी घरच्या माणसाशिवाय कुणाला हात केलेला नव्हता. तिनं पोळीचा तुकडा खाली ठेवला, आजूबाजूला कुणी बघत नाही ना ते पाहिलं आणि हात वर केला. खांद्यापर्यंतच, पण केला.

बेनेदितानं परत जायचं तिकीट रद्द केलं. तिला गाडी हवी होती, आणि सिग्नेच्या दारातली गाडी महिना होत आला तरी कुणी न्यायला आलं नव्हतं. या वेळी पोरीनं शहाणपणा केला. ती घरोघर फिरली आणि प्रत्येकाला विचारलं, ही तुमची का? हाल्वरच्या दारातही गेली. हाल्वरनं स्वतःच्या गाडीकडे नीट बघितलं आणि म्हणाला, "माहीत नाही बुवा कुणाची." आता तीच गाडी ती चालवते. हाल्वर पायी हिंडतो आणि चालणं प्रकृतीला चांगलं असतं असं दुकानात सांगतो.

दोन महिन्यांनी सूर्य परत आला तेव्हा गावानं गोड पाव खाल्ले, पोरांना शाळेला सुट्टी मिळाली. लोक एकमेकांना म्हणतात, आता उजाडलं, आता सुटलो. आज एप्रिलची वीस तारीख आहे. रोज थोडा थोडा रस्ता काळा होतोय, आणि काळ्या डांबरावर माझ्या पट्ट्या चालत नाहीत, खरवडतात. सबंध गावात उन्हावर नाखूष अशी मी एकटीच आहे. एकटी म्हणजे, सिग्ने सोडून. तीही सकाळी उठून खिडकीतून आधी रस्ता बघते.

एडविन आता उभा राहत नाही. खुर्ची खिडकीशी लावून त्याला बसवतात. तो जेवतो. परवा त्यानं परिचारिकेला विचारलं, की तू कोण. डॉक्टरला विचारलं, की तू कोण. अकराला मात्र कुणाला काही विचारत नाही.

तुम्ही लोक उन्हाळ्याच्या देशातले. तुम्हाला एवढी थंडी नकोशी वाटत असेल, आणि आमच्याकडे उन्हं लवकर यावीत म्हणून आम्हाला शुभेच्छाही देत असाल. या वर्षी नका देऊ. एक-दोन आठवडे गारठा लांबला तर तुमचं काही बिघडणार नाही.

आज सकाळी घरापासून वळणापर्यंत बर्फाचा ठिपकाही नव्हता. सिग्नेनं पुढून खुर्ची धरली, बेनेदितानं मागून पट्ट्या धरल्या, आणि दोघींनी मला उचललं. साठ वर्षं मी माणसं वाहिली, मला कुणी वाहून नेल्याचं आठवत नाही. बेनेदिता म्हणाली, "तुम्ही नुसतं चाला, सिग्ने, मी एकटी घेते." सिग्ने म्हणाली, "माझी आहे ती." एवढं बोलून ती स्वतःच दचकली. बसथांब्यावरची चार माणसं दुसरीकडे बघत होती. मग त्यातला हाल्वर बाहेर आला, त्यानं माझा मधला भाग उचलून धरला आणि आमच्याबरोबर चालू लागला.

वळणाच्या आधी, भिंतीच्या सावलीत अजून हातभर बर्फाची पट्टी आहे. तिथं त्यांनी मला अलगद खाली ठेवलं आणि हाल्वर व बेनेदिता भिंतीआड झाले. सिग्नेनं श्वास घेतला, पदर नाही म्हणून कोटाच्या बाहीनं तोंड पुसलं, अंगठा खळग्यात ठेवला आणि घरापासून माझ्यावरूनच आल्यासारखी लाथ हाणली. हातभर बर्फ, मग डांबर. पट्ट्या केवढ्यांदा खरवडल्या. खिडकीत त्यानं हात वर केला.